शंभर टक्के दराचा वारसा कर

१

२०२४ च्या एप्रिल महिन्यात, मतदानाला जेमतेम दोन दिवस उरले असताना, ‘वारसा कर’ हा शब्द आमच्या वाशिम जिल्ह्यात येऊन थडकला. इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचे तत्कालीन प्रमुख सॅम पित्रोदा यांनी २४ एप्रिलला अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला. त्यांच्या पक्षाने हात झटकले, समोरच्या पक्षाने प्रचाराची राळ उठवली, आणि २६ एप्रिलला आमच्या जिल्ह्याने मतदान केले. त्या दोन दिवसांत पारावर आणि चहाच्या टपरीवर आम्ही जे ऐकले त्याचा मथितार्थ एवढाच होता : बाप मेला की सरकार अर्धे वावर नेणार.

निवडणूक संपली, शब्दही विरला. पण त्या धास्तीत एक गोष्ट अशी होती की ती आमच्या मनातून गेली नाही. वारसा कराच्या नावाने संतापणारी माणसे प्रामुख्याने पुरुष होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी वारशावरचा कर कधीच वसूल होऊन गेला होता. तो त्यांनी भरलेला नव्हता. त्यांनी तो घेतलेला होता.

हे टिपण आम्ही काही जण मिळून लिहीत आहोत. आम्ही म्हणजे वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा या भागांत वाढलेले, मराठी साहित्य शिकलेले आणि शिकवणारे. आमच्यात बहिणी आहेत, भाऊही आहेत. हक्कसोडपत्रावर सही केलेल्या आहेत, सही करवून घेतलेलेही आहेत. तेव्हा पुढे जे आरोपपत्र येते आहे त्यातील आरोपींच्या पिंजऱ्यात आम्हीही उभे आहोत, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कुटुंबाच्या शेतीवर वारसा कर असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे खोटा आहे. कारण असा कर आपल्याकडे आहेच. तो मुलींवर आहे. त्याचा दर शंभर टक्के आहे. तो भाऊ वसूल करतात, आणि त्याच्या पावतीला हक्कसोडपत्र म्हणतात.

२

आधी सरकारी कराची भीती निस्तरू. भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर होता. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून अमलात आला. त्याचा सर्वोच्च दर एके काळी ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. वर्षाकाठी त्यातून सुमारे २० कोटी रुपये येत आणि वसुलीचा व्याप मात्र मोठा होता, हे कारण त्या वेळी देण्यात आले. शेतजमिनीपुरते बोलायचे तर राज्यघटनेनेच येथे बांध घातलेला आहे. संघसूचीतील ८७ व ८८ या नोंदी मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील शुल्काचा अधिकार केंद्राला देतात, पण ‘शेतजमीन वगळून’. शेतजमिनीपुरता तोच अधिकार राज्यसूचीतील ४७ व ४८ या नोंदींनी राज्यांना दिला आहे. म्हणजे दिल्लीत कोणी मनात आणले तरी आमच्या वावरावर थेट वारसा कर बसवणे त्याच्या हाती नाही.

ज्या देशात असा कर खरोखरच शेतीपर्यंत पोचला तिथले चित्रही पाहावे. ब्रिटनमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी शेतीला वारसा करातून असलेली पूर्ण सूट मर्यादित करण्याचे जाहीर केले : एप्रिल २०२६ पासून दहा लाख पौंडांवरील शेतीमालमत्तेवर, नेहमीच्या ४० टक्क्यांऐवजी २० टक्के दराने कर. नोव्हेंबरात हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यांवर उतरले. २०२५ च्या डिसेंबरात सरकारने ती मर्यादा २५ लाख पौंडांवर नेत असल्याचे सांगितले. यातली पहिली, कमी असलेली मर्यादा घेतली तरी ती आपल्या चलनात अकरा-बारा कोटी रुपये होते. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानुसार सर्वसाधारण कुटुंबाला कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर. एकरी दहा लाख रुपये भाव धरला तरी या संपूर्ण ५४ एकरांची किंमत पाच कोटी चाळीस लाख. थोडक्यात, ब्रिटनचा तो कडक म्हणवला गेलेला नियम जसाच्या तसा येथे आणला, तरी कायद्यात बसणाऱ्या एकाही कोरडवाहू शेतकऱ्याचे धसकटसुद्धा त्यात सापडणार नाही.

आता दुसरा हिशेब मांडू. दहा एकरांचे स्वकष्टार्जित वावर. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पाचही जण सारखे वारस. प्रत्येकाचे दोन एकर. तेरवी होते, पाहुणे पांगतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावणे येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयासमोरच्या टपरीवर मसुदा तयारच असतो. त्यात लिहिलेले असते की मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क सोडत आहे. अंगठा, छायाचित्र, दोन साक्षीदार. मग रसवंतीत उसाचा रस, आणि संध्याकाळच्या एस. टी.ने परत. त्याच भावाने प्रत्येकीचे वीस लाख रुपये गेले. दर किती? शंभर टक्के. १९५३ चा कायदाही ८५ वर थांबला होता.

कर या शब्दावर कोणी आक्षेप घेईल म्हणून सांगतो. एकाच घटनेने उत्पन्न होणारी, एकाच वर्गाकडून, ठरलेल्या रीतीने, नकार देणाऱ्याला शिक्षेची तरतूद ठेवून होणारी वसुली म्हणजे कर नव्हे तर काय? शिक्षा येथे तुरुंगाची नाही. माहेर बंद होण्याची आहे. ज्या बहिणीने वाटा मागितला तिच्यासाठी भाऊबीजेचे ताट मांडले जात नाही; तिच्या मुलीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. आमच्यापैकी एकीने सही करण्यापूर्वी फक्त आठ दिवस मागितले होते. त्या आठ दिवसांत तिला जेवढे फोन आले तेवढे बाप आजारी असताना आले नव्हते.

३

हे रूढीचे काम आहे, कायद्याचा काय दोष, असे म्हटले जाईल. इतिहास तसे म्हणू देत नाही. स्त्रियांच्या वारशाचा प्रत्येक कायदा गावापर्यंत आला आणि शेताच्या बांधावर थबकला.

डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला आणि विधवेला हयातीपुरता का होईना वाटा मिळाला. १९४१ साली फेडरल कोर्टाने मत दिले की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. मग प्रांतांना आपापली तरतूद करावी लागली. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतजमीनच, त्या देशात शेतजमीन वगळून दिलेला मालमत्ता हक्क हा जेवण वगळून दिलेल्या आमंत्रणासारखा होता. त्याच १९३७ सालच्या शरियत कायद्यातही शेतजमिनीचे प्रश्न वगळण्यात आले. दोन धर्म, दोन कायदे, आणि बांध मात्र एकच!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलापायी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा उत्तराधिकार कायदा आला. त्याने मुलीला वारस केले, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने सहदायाद केले नाही. शिवाय कलम ४ (२) घालून जमिनीचे तुकडे रोखणारे, कमाल धारणा ठरवणारे आणि कुळहक्काच्या वारशाचे कायदे हात न लावता बाजूला ठेवले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद मानले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला आणि कलम ४ (२) ही काढले. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत का, हा घोळ मिटायला ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला : हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही.

१९३७ ते २०२०. त्र्याऐंशी वर्षांनी कायदा बांध ओलांडून वावरात उतरला. आणि तेव्हा वावरात त्याची वाट पाहत हक्कसोडपत्र बसलेले होते.

राज्यसंस्था येथे निव्वळ साक्षीदार नाही. खरेदीखतावर जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क लागते; वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क बहिणीने भावाला सोडून दिला तर मात्र नाममात्र, काही शे रुपयांचे. ज्या व्यवहारात एका नागरिकाचा संपूर्ण वारसा दुसऱ्याकडे जातो त्याला सरकारने सर्वांत स्वस्त व्यवहारांत बसवले आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीदेखील माफ केली. निर्णय चांगला आहे. गरीब शेतकऱ्याचे काही हजार रुपये वाचतात. पण ती माफी देताना एकही प्रश्न विचारलेला नाही : या वाटणीत मुलींना किती जमीन मिळाली?

४

आता विरुद्ध बाजूचे युक्तिवाद. ते आम्ही ऐकलेले आहेत. काही तर आम्हीच केलेले आहेत.

पहिला, तुकड्यांचा. बहिणींना वाटे दिले तर शेतीचे तुकडे होतील. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. या पंचेचाळीस वर्षांत बहिणींनी तर वाटे घेतलेले नाहीत. मग तुकडे केले कोणी? भावांनी. भावाभावांत तुकडे पडले की त्याला वाटणी म्हणायचे, आणि बहिणीने मागितला की त्याला शेतीचा नाश म्हणायचे, ही भाषेची लबाडी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी दिसायला हवी. तुकड्यांचीच चिंता असेल तर जमीन एकत्र कसून उत्पन्न वाटून घेता येते, वाटा रास्त किमतीला विकत घेता येतो, हप्त्याने घेता येतो. भावाभावांत असे व्यवहार होतातच.

दुसरा, हुंड्याचा. तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे; गुन्ह्यात खर्चलेली रक्कम कायदेशीर हक्कातून वळती करून घेण्याची ही कुठली पद्धत? आणि तो पैसा तिच्या हाती गेलाच कुठे? तो सासऱ्याच्या हाती गेला, मंडपवाल्याच्या हाती गेला. मुलाच्या नोकरीसाठी, शिक्षणासाठी, त्याच्या लग्नासाठी जे खर्चले ते त्याच्या वाट्यातून वजा केलेले आम्ही तरी कुठे पाहिलेले नाही.

तिसरा, म्हाताऱ्या आईबापांचा. मुलगा सांभाळतो, म्हणून जमीन मुलाची. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी असल्याचे सांगितले, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यानेही मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. जबाबदारी समसमान आणि हक्क मात्र एकाचाच, असा हा सौदा आहे. आमच्या ओळखीतल्या कित्येक म्हाताऱ्या आज लेकीकडे राहतात. त्यांचे वावर लेकाकडे आहे.

चौथा युक्तिवाद सर्वांत मुलायम : बहिणी स्वखुशीने देतात. असेलही. पण स्वखुशीची एक कसोटी आहे. जी गोष्ट खुशीने दिली जाते ती कधीतरी उलट दिशेनेही दिली गेली पाहिजे. बहीण गरीब आहे, दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या घरात आहे, आणि भाऊ शहरात पगारदार आहे, म्हणून भावाने बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले, अशी उदाहरणे आम्ही सगळ्यांनी मिळून आठवून पाहिली. जिल्ह्यातली सहा तालुक्यांची गावे धुंडाळली. एक सापडले. खुशी एकाच दिशेने वाहत असेल तर तिला उतार म्हणतात.

पाचवा युक्तिवाद मात्र खरा आहे आणि त्याला आम्ही हसून टाळणार नाही. भाऊही नागवलेलाच आहे. वाशिम हा २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक. आत्महत्याग्रस्त म्हणून २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये घेतलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकीही एक. सोयाबीन आणि तूर, वर पावसाचा भरवसा नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. तो हाती पडेलच याची खात्री कोणाही शेतकऱ्याला नव्हती. अशा भावाकडून वाटा काय मागायचा? आमचे उत्तर असे की, वाट्याबरोबर तोटाही मागायचा, कर्जही मागायचे. बहीण उताऱ्यावर आली तर ती पीकविम्यात येते, कर्जमाफीत येते, मोर्चात येते. शेतकऱ्याच्या दैन्याचे ओझे वाहायला अर्धा समाज उताऱ्याबाहेर ठेवून आपण त्या भावालाही एकटे पाडले आहे.

५

हा कर माहेरीच थांबला असता तरी एक वेळ चालले असते. बाई सासरी वारस झाली असती. पण तिथेही वसुली आहे. नवरा गेला की फेरफाराची वेळ येते. पूर्वी कित्येक ठिकाणी विधवेचे आणि मुलींचे नाव कब्जेदार म्हणून न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून देत. इतर! जिने तीस वर्षे निंदण केले, सोंगणी केली, ती इतर.

कितीदा तर फेरफारच होत नाही. मेलेला माणूस उताऱ्यावर वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि जिवंत बाई कागदावर जन्मालाच येत नाही. २०२५ च्या १ मार्चपासून शेजारच्या बुलढाण्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, आणि एप्रिलपासून ती राज्यभर नेण्यात आली. मृतांची नावे काढून वारसांची लावायची, एवढेच तिचे काम. मोहिमेचे नावच आमच्या बाजूने साक्ष देते. तोवरचा सातबारा कोणासाठी मेलेला होता, हे वेगळे सांगायला नको. उताऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, अनुदान नाही, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार नाहीत. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ विधवांची पाहणी केली; त्यांच्यातील सुमारे ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. देशभराचा आकडाही याच जातीचा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या.

आमच्या जिल्ह्याने या कागदी मरणाची रोकड किंमतही पाहिली आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला. जमिनीचा जो वाटा पिढ्यान्‌पिढ्या ‘बघू पुढे’ म्हणून राहिला होता त्याचे एका खरेदीत पैसे झाले, आणि ते उताऱ्यावरच्या नावांच्या खात्यांत गेले. तेव्हा पुष्कळ बहिणींना पहिल्यांदा कळले की त्यांनी सोडली होती ती नुसती काळी माती नव्हती.

६

हे सगळे साहित्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटत असेल. आमचा खरा रोख इथेच आहे. कारण ‘वारसा’ हा शब्द आपण जेवढा वापरतो तेवढा तलाठीही वापरत नाही.

आपण वर्गात भूमिनिष्ठा शिकवतो, देशीयता शिकवतो, काळ्या आईची नाळ शिकवतो. ‘हिंदू’ (२०१०) मध्ये मोहेंजोदडोच्या उत्खननातून खंडेराव घरी निघतो तो बाप मरणाला टेकला म्हणून. हा सगळा अडगळीचा डोंगर आता कोणाच्या माथी, हा त्या कादंबरीचा मोठा प्रश्न आहे, आणि तो मुलाला पडलेला आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) शिकलेल्या एकनाथची नोकरी आणि शेती या दोन्हींत झालेली कोंडी आहे, आणि ती आमच्या शेजारच्या जिल्ह्याची, पर्यायाने आमचीच आहे. या कादंबऱ्या थोर आहेत. त्यांच्यावर आमचा आरोप नाही. आरोप त्या शिकवण्याच्या आमच्या रीतीवर आहे. आम्ही वर्षानुवर्षे ‘नायकाचे जमिनीशी नाते’ या विषयावर दहा गुणांचा प्रश्न काढला. त्या घरच्या मुलींचे जमिनीशी नाते काय, हा पाच गुणांचाही काढला नाही. जात्यावरच्या ओवीतला भाऊराया शिकवताना आम्ही गहिवरलो. ती ओवी गाणारीने भावाला एवढे का आळवावे, माहेरच्या वाटेचा हक्क तिला गाऊनच का टिकवावा लागतो, हे विचारले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक संहिता सुचवतो. हक्कसोडपत्र वाचा. बायकांच्या नावावर, प्रथमपुरुषी एकवचनात लिहिले गेलेले एवढे मराठी गद्य दुसरे क्वचितच सापडेल. ‘मी’ आहे, पण ती लेखक नाही. ‘स्वखुशीने’ आहे, पण तो शब्द मसुदा लिहिणाऱ्याचा आहे. निवेदक आणि लेखक वेगळे असतात हे ज्यांना कथेत कळते त्यांना दस्तऐवजातही कळावे.

जुन्या संहिताही आहेत. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदेडच्या परिसरातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे, आणि त्या गावाकडून काय काय घ्यायचे नाही याची प्राकृतात यादी आहे : मीठ नाही, सोने-धान्य नाही, फुले-दूध नाही, बैल नाहीत. जमिनीवरच्या करमाफीचा कागद आमच्या गावी सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरला गेला होता. पण त्याच वाकाटकांच्या थोरल्या शाखेतील प्रभावतीगुप्ता हिचे ताम्रपटही आहेत. एक अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. ती विदर्भात सून म्हणून आली, पण दानपत्रांत तिने वंशावळ सांगितली ती बापाची, गोत्र सांगितले ते माहेरचे, आणि जमीन दिली ती स्वतःच्या नावाने. ती राजकन्या होती, राजमाता होती, हे आम्हांला मान्य. तरीही वऱ्हाडच्या मातीत बाईचे नाव, बापाचे कूळ आणि जमीन या तिन्ही गोष्टी एका पत्र्यावर कधीकाळी आल्या होत्या. परंपरेचे नाव घेऊन लेकीचे तोंड बंद करणाऱ्यांनी परंपरा जरा पुढेपर्यंत वाचावी.

आणि नवी परंपराही आहे. शेतकऱ्यावरच्या सरकारी लुटीविरुद्ध शरद जोशींइतके कोण बोलले? पण त्याच शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला हजारो शेतकरी बायका जमवल्या, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून शेतकऱ्यांकडूनच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करवून घेतला. सरकारने शेतकऱ्याचे देणे बुडवले म्हणणाऱ्याने आधी घरातले देणे फेडावे, हा त्यामागचा साधा न्याय होता. ती मोहीम बायकोपर्यंत आली. बहिणीपर्यंत यायची राहिली.

७

तेव्हा आमची मागणी ऐका. शेतीवर वारसा कर हवाच, आणि तो राज्य सरकारने बसवावा. घटनेने तो अधिकार त्याला दिलेलाच आहे. मात्र तो वारसा मिळणाऱ्यावर नको. दुसऱ्याचा वारसा फुकट घेणाऱ्यावर हवा. बहिणीने भावाला बिनमोबदला सोडलेल्या शेतजमिनीवर तिच्या बाजारभावाप्रमाणे शुल्क लावा, आणि ते भावाकडून घ्या. बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत केलेले हक्कसोडपत्र नोंदवूच नका. दुःखात सही घेणे सोपे असते. वाटणीपत्राची फी-माफी जरूर ठेवा, पण ज्या वाटणीत मुलींच्या नावे जमीन दिसते त्याच वाटणीला.

गरीब शेतकऱ्यावर हा भुर्दंड आहे, अशी ओरड होईल. हा भुर्दंड टाळण्याचा मार्ग मात्र अगदी सोपा आहे, आणि जगातल्या कोणत्याही कराला नसेल एवढा स्वस्त : बहिणीची सही घेऊ नका. एक पैसा लागणार नाही. दहा एकरांवर पाच नावे राहतील, एवढेच.

आणि आमच्यापुरते म्हणाल तर, आमच्यातल्या ज्या भावांनी सह्या घेतल्या त्यांच्यापैकी दोघांनी हे टिपण लिहिण्यापूर्वी बहिणींना फोन केले. एकीने ऐकून घेतले आणि विचार करते म्हणाली. दुसरी बराच वेळ काही बोललीच नाही, मग तिने विचारले, “आईले सांगतलं काय?” आईला अजून सांगितलेले नाही. या पोळ्याला ती बहीण घरी येणार आहे. तेव्हा आईसमोर बसून बोलायचे ठरले आहे.